सोमवारचे किडे

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. शाळेची एक पिवळी व्हॅन उभी आहे. तिच्या पोटाखाली घागरीएवढा लोखंडी डबा आहे. डब्यात बारीक भोकांची जाळी. डिझेलचा धूर तिच्यातून गाळून बाहेर पडतो, काजळी आतच अडकते. आता कल्पना करा, की कुणीतरी तो डबा कापला, जाळी काढून फेकून दिली आणि रिकामा डबा पुन्हा जोडून ठेवला. वरून पाहाल तर काही म्हणजे काही कळणार नाही. आणि त्याचा आळ तुमच्या बाबांवर आला.

खारूवर नेमकी हीच वेळ आली होती.

एका जागी स्वस्थ बसत नाही म्हणून तिचं नाव खारू पडलेलं. पण आज ती बारीकबाईंच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर अगदी गप्प बसली होती. लोकांनी लपवलेल्या गोष्टी शोधून काढणं हा बाईंचा धंदा. त्यांचे धाकटे भाऊ आबा मदतीला असत. विचारांच्या बाबतीत आबांची गाडी पहिल्या गिअरच्या पुढे सहसा जात नसे.

"तपासणी केंद्राचे साहेब उद्या येणार आहेत," खारू म्हणाली. "बाबांनी हे केलं नाही असं दाखवता आलं नाही, तर गॅरेजला टाळं."

"बाबांनी केलं नाही, हे तुला कशावरून ठाऊक?" बाईंनी विचारलं.

"त्याच व्हॅनमध्ये मी आणि पिल्लू बसतो. पिल्लू मागच्या बाकावर."

पिल्लू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. गेले कित्येक दिवस तो खोकत होता. बाईंनी चपला पायात सरकवल्या.

खारूचे बाबा, म्हणजे मिस्त्री, गॅरेजात हातावर हात ठेवून बसले होते. शाळेला सुट्टी लागायच्या आधी व्हॅन त्यांच्याकडे आली होती. त्यांनी डबा उतरवला, पुसला, होता तसा बसवला. जाळी काजळीने तुंबते, म्हणून गाडी आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर जोरात पळवावी लागते. मग डबा तापतो आणि आतली काजळी आपोआप जळते. तसं झालं नाही तर चालकासमोर पिवळा दिवा लागतो.

"आणि जाळीच काढून टाकली तर?" आबा म्हणाले.

"तर गाडीच्या संगणकाला थाप मारायला शिकवावं लागतं, आबा," मिस्त्री म्हणाले. " ती शिकवली की दिवा कायमचा मुका."

तिथून तिघं व्हॅनच्या मालकीणबाईंकडे गेले. त्यांच्या तोंडाचा पट्टा दारातूनच सुरू झाला. व्हॅन तपासणीला त्यांनी स्वतःच नेली होती, आणि डब्यात जाळीच नाही हे ऐकून परत आल्या होत्या. डबा मिस्त्रीशिवाय कुणी उतरवलाच नव्हता, मग दुसरा कोण असणार? दिव्याचं म्हणाल, तर तो शाळा उघडली त्या आठवड्यात लागला होता. ड्रायव्हरला सांगितल्यावर दोन दिवसांत विझला, तो पुन्हा लागला नाही.

"बघा, गाडी ठणठणीत होती," त्या म्हणाल्या.

बाई नुसत्या हसल्या.

वाटेत खारूने आबांना एक खेळ सांगितला. पूर्वी दर सोमवारी व्हॅनच्या नाकावर ढीगभर किडे चिकटलेले असत. मुलं ते मोजत, आणि ज्याचा आकडा बरोबर त्याला खिडकी मिळे.

"शी, किड्यांचं काय कौतुक," आबा म्हणाले.

बाई मात्र थांबल्या. "मिळे? आता नाही मिळत?"

"सुट्टीनंतर एकदाही किडे आले नाहीत. खेळच बंद पडला."

व्हॅनकाका, म्हणजे ड्रायव्हर, आपल्या अंगणात होते. मुलांना ते फार आवडत. खारूला पाहताच त्यांनी खिशातून पेपरमिंट काढून दिलं. भिंतीला मासे धरायचा नवाकोरा गळ टेकवलेला होता.

"दर रविवारी न चुकता लांब रस्त्यावर पळवतो मी गाडी," ते म्हणाले. "मिस्त्रींनीच सांगितलंय ना."

बाईंनी पांढरा रुमाल अंगणात उभ्या व्हॅनच्या धुराच्या नळीत फिरवला. तो काळाकुट्ट होऊन आला. मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने काढलेलं मांजर होतं.

"हे पिल्लूने काढलंय," खारू म्हणाली. "गेल्या शनिवारी."

आज सोमवार होता. बाई व्हॅनच्या पुढे गेल्या. नाकावर धुळीचा थर होता, बाकी काही नव्हतं.

संध्याकाळी सगळे गॅरेजात जमले. आबांना दम निघेना. त्यांच्या मते हे काम मालकीणबाईंचंच.

"आबा, चोर आपणहून चौकीत जातो का?" बाई म्हणाल्या. "गाडी तपासणीला त्यांनीच नेली. आणि मिस्त्रींना सोडवणारी गोष्टही त्यांनीच सांगितली. त्या दिव्याची."

"दिव्याची कशी?" मालकीणबाई म्हणाल्या.

"सुट्टीआधी मिस्त्रींनी जाळी काढून दिवा मुका केला असता, तर सुट्टीनंतर तो लागला कसा? दिवा लागला, म्हणजे तोवर जाळी जागेवर होती. सुट्टीत गाडी गावातल्या गावातच फिरली, लांब पळाली नाही, म्हणून ती तुंबली. मग दिवा विझला. तो दोनच प्रकारांनी विझतो. एक, गाडी लांब पळवली तर."

"मी पळवली ना," व्हॅनकाका पुटपुटले.

"मग किडे कुठे गेले? लांब रस्त्यावर जोरात पळणाऱ्या गाडीच्या नाकावर ते आपटून चिकटतात."

"गाडी धुतली असेल," आबा म्हणाले.

"धुतली असती तर किडे गेले असते. पण शनिवारचं मांजर अजून काचेवर बसलंय. गाडी धुतली नाही आणि काल पळवलीही नाही. सुट्टीनंतर एकाही रविवारी पळवली नाही, तरी दिवा लागला नाही. म्हणजे उरला दुसरा प्रकार: जाळी काढून दिवा मुका करणं. तुम्ही खोटं सांगितलंत ते एकाच कारणासाठी. आता पळवायची गरज उरली नाही, हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं."

व्हॅनकाकांनी मान खाली घातली. "मला एक रविवार हवा होता, बाई. सहा दिवस पोरं, सातव्या दिवशी रिकामी गाडी. रस्त्याकडेचा वेल्डिंगवाला म्हणाला, जाळीच काढू, दिव्याची कटकटही जाईल. वाटलं, धूर काय, मागच्या मागे निघून जातो."

"मागे पिल्लू बसतो," खारू म्हणाली.

त्यांनी पेपरमिंटच्या खिशावर हात ठेवला, आणि तो तसाच राहिला.

साहेबांना फोन मालकीणबाईंनी लावला आणि मिस्त्रींची माफी आपल्या तोंडाने मागितली. मिस्त्रींनी जाळीचा नवा डबा बसवला. टॉर्च धरून व्हॅनकाका दिवसभर त्यांच्या शेजारी गाडीखाली पडून होते. दिव्याची थापही काढून टाकली. आणि बाईंनी मालकीणबाईंना एक गोष्ट ऐकवलीच: ज्याला सुट्टी नाही तो पळवाट शोधतो. तेव्हापासून रविवार ड्रायव्हरचा झाला, आणि गाडी पळवायची गुरुवारी दुपारी, मुलं शाळेत असताना.

पहिल्या शुक्रवारी सकाळी व्हॅन कोपऱ्यावर येऊन थांबली. पिल्लू आत चढायला धावला. खारूने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. व्हॅनकाका खिडकीतून पाहत राहिले.

खारूने गणवेशाचा पांढरा रुमाल काढून नळीत फिरवला, उजेडात धरून नीट पाहिला आणि तसाच पांढरा घडी घालून खिशात ठेवला. मग ती व्हॅनच्या नाकासमोर उकिडवी बसली आणि मोठ्याने किडे मोजू लागली.