चिंधीचे पहिले सात आठवडे

"वन्सं, तुम्ही घरीच असता ना दिवसभर... तुम्हालाच जमेल हे," असं म्हणत वहिनीनं बुटांचं खोकं आत्याच्या मांडीवर ठेवलं, आणि आत्याच्या हातातली सुई कोटाच्या बाहीत तशीच अडकून राहिली. अकरा वर्षांपूर्वी ह्याच तोंडून, ह्याच सुरात, हेच शब्द तिनं ऐकले होते! तेव्हा मांडीवर आली होती दादाची नऊ दिवसांची मुलगी. आज आलं होतं मांजरीचं पाच दिवसांचं पिल्लू. डोळे गच्च मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, धड ओरडताही न येणारं. त्याची आई सकाळीच गाडीखाली गेली होती.

वहिनी शाळेत शिकवायची. दादा, ती आणि त्यांची टिकली खाली राहत. वरच्या एका खोलीत आत्या लोकांच्या उंची कपड्यांना रफू करत बसे. टिकलीमुळे सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. त्या वर्षी बाळंतपणानंतर वहिनी अंथरुणाला खिळली आणि आत्यानं आपलं ठरलेलं लग्न वर्षभर पुढे ढकललं. नवरा मुलगा सहा महिने थांबला, मग दुसरीकडे बोहल्यावर चढला. आत्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, कारण टिकली तिच्या कडेवर होती. आणि टिकली वर्षाची झाली त्याच दिवशी, खडखडीत बरी झालेली वहिनी वर आली, "आता तिला तुमची सवय नको," एवढंच म्हणाली आणि रडणारं पोर उचलून खाली घेऊन गेली. आभाराचा एक शब्द नाही... त्यानंतर टिकली वर यायची ती निरोप सांगायला, फार तर पाच मिनिटं. दहा वर्षं आत्यानं हे गिळलं होतं, पण पचवलं मात्र नव्हतं.

"आठ आठवडे सांभाळा, मग टिकली खाली नेईल," वहिनी म्हणाली. आत्या हो म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरांनी दूध पाजायची रीत दाखवली. पिल्लाला पालथंच धरायचं, दर दोन तासांनी पाजायचं, ओल्या कापसानं पुसून शी-शू करवायची. निघताना ते म्हणाले, "आणि एक लक्षात ठेवा. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत ज्यांचे हात लागतात, ते याला जन्मभर आपले वाटतात. तेव्हा घरातल्या सगळ्यांनी हाताळा."

घरी आल्यावर आत्यानं वहिनीला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, फार नाजूक आहे. माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." हे बोलताना तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की तिची तिलाच गंमत वाटली. नेऊ देत खाली! माझ्यासाठी टाहो फोडणारा जीव घरात ठेवून बघ म्हणावं, कसं वाटतं ते!

लोकरीच्या लडी तोलायच्या काट्यावर ती रोज पिल्लू तोलायची. दिवसाला दहा-बारा ग्रॅम वाढ. दहाव्या दिवशी एक डोळा किलकिला झाला, बाराव्या दिवशी दुसरा, दोन्ही धुरकट निळे. त्या डोळ्यांनी पहिलं काय पाहिलं असेल तर आत्याचा चष्मा. तिसऱ्या आठवड्यात ते झिंगल्यासारखं चालू लागलं, चौथ्यात रफूच्या धाग्यांची वाट लावू लागलं. टिकलीनं नाव ठेवलं चिंधी. ती शाळेतून आली की धावत वर यायची आणि हात पाठीमागे बांधून दोन हात लांब बसायची.

"आत्या, एकच बोट लावू?"

"नको गं. आजारी पडेल ती."

पोर मुकाट्यानं हात आवरायची. आत्याला आत कुठेतरी टोचायचं, पण ती कोटात मान घालायची. सहाव्या आठवड्यात डोळ्यांचा निळा रंग जाऊन पिवळा आला. सातवा संपला. आठव्यात आत्यानं हसतमुखानं खोकं वहिनीच्या हवाली केलं.

त्यानंतर खाली जे सुरू झालं, ते आत्या वर बसून कान लावून ऐकायची. चिंधी कपाटाखालून निघेना. वहिनीनं बशी पुढे सरकवली की फिस्स! टिकलीच्या हातांवर ओरखडे, वहिनीच्या मनगटांवर तर विचारू नका. दार किलकिलं झालं रे झालं की चिंधी जिना चढून आत्याच्या मांडीत, आणि तिच्यामागे टिकली. चौथ्या महिन्यात चिंधीचे दुधाचे दात पडले, त्यातला एक टिकलीला आत्याच्याच उशीवर सापडला. पुढे पुढे पोर अभ्यास वरच करू लागली, जेवणही वर. मांजर आणि मुलगी दोन्ही चालून आली होती. खाली वहिनीचं तोंड एवढंसं झालेलं पाहिलं की आत्याला दोन घास जास्त जायचे.

सहाव्या महिन्यात वहिनीनंच चिंधीला नसबंदीच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात नेलं. चिंधी वर्षाची झाली, अंगानं भरली, आणि तरी टिकलीचा हात दिसला की अंग चोरायची. एका दुपारी टिकली दप्तर आपटून रडायलाच लागली. "मी आईशी कध्धीच बोलणार नाही. मी तिला विचारलं चिंधी माझ्याजवळ का येत नाही. ती म्हणाली, लहानपणी हात लावू द्यायचा असतो, पण मीच आत्याला नको म्हणून सांगितलं होतं... मी उगाच मनातून तुझ्यावर रागावले होते, आत्या."

आत्यानं हातातली सुई खाली ठेवली. ती तशीच उठून खाली गेली. वहिनी ओट्यापाशी भाजी चिरत होती.

"वहिनी, तुम्ही पोरीशी खोटं का बोललात?"

"ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, सगळ्यांनी हाताळलं नाही का म्हणून. तेव्हाच कळलं मला." वहिनीनं वर पाहिलं नाही. "काय बोलणार होते मी? माझ्या आजारपणापायी तुमचं लग्न मोडलं. बरी झाले, तर तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. आभार मानायला गेले असते तर पायच धरावे लागले असते, वन्सं. त्यापेक्षा मुलगी उचलली आणि दार लावून घेतलं. म्हटलं, एका मांजरीवर तुमचा राग भागत असेल तर भागू दे. तुम्हाला ती जे बोलली असती ते मला बोलली, एवढंच ना?"

अकरा वर्षं जपलेला सूड, आणि हिनं तोही भीक घातल्यासारखा दिला होता! हिचे उपकार? आणि तेही आपण घ्यायचे? मुळीच नाही... गप्प बसलं तर टिकली कायमची आपली, हे आत्याला लख्ख दिसत होतं. तिनं जिन्याकडे पाहून हाक मारली, "टिकले, खाली ये."

आणि तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, आपण काय सांगितलं, आणि का. सांगायला सुरुवात केली ती वहिनीचं ओझं फेकून द्यायला. पण पोरीच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता तिला वहिनीचा विसरच पडला.

"मी रोज हात बांधून बसायचे," टिकली हळूच म्हणाली. "तू बघत होतीस." ती बाहेरच्या खोलीत निघून गेली. त्यानंतर ती वर आली नाही, की आत्याशी एक अक्षर बोलली नाही.

पाचव्या दिवशी आत्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. जन्मात पहिल्यांदाच तिनं वहिनीला त्या दिवसांबद्दल विचारलं, "तेव्हा... टिकली तुमच्याजवळ यायला किती दिवस लागले होते?"

"दीड वर्ष," वहिनी म्हणाली.

दीड वर्ष! आणि ते सारं रडणं आत्या वरून ऐकत होती, मोजत होती, आपल्या बाजूनं जमा धरत होती. खाली त्या रडण्याशेजारी कुणीतरी बसलेलं असेल, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी तिनं ते आवरले नाहीत.

"काय केलंत मग?"

"काही नाही. ती खेळायची तिथं जमिनीवर जाऊन बसायचे. हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. ती उठून गेली की दुसऱ्या दिवशी परत." वहिनीनं पदराला हात पुसले. "चारला येते शाळेतून."

आत्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. टिकली आली, तिला पाहून थबकली, आणि दप्तर घेऊन आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आत्या चारच्या आधीच येऊन बसली.