उत्तरांसकट कविता

आत्याची वही घरीच राहिली म्हणून तिचा चष्मेवाला भाचा धापा टाकत केंद्रात आला, आणि नर्सनं त्याला पहिल्यांदा पाहिलं. चार महिने ती त्याचं अक्षर रोज वाचत होती... माणूस आज दिसला. बरा होता की दिसायला!

स्मृती हरवत चाललेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं ते केंद्र. गाडी त्यांना घरून आणायची, सोबत प्रत्येकाची एक वही. सकाळी घरचे लिहायचे, संध्याकाळी नर्स उत्तर द्यायची. घरच्यांच्या ओळी, एकही शब्द न बदलता, जोडून ती कविता करायची आणि त्यावरून सगळ्या घरांतले हाल किती सारखे असतात याचा पदवीसाठी अभ्यास लिहायची. फक्त ज्याच्या ओळी, त्याला आधी वाचून दाखवून होकार घ्यायचा.

त्या दिवसानंतर चष्मेवाला काही ना काही निमित्त काढून स्वतःच यायला लागला. तिनं त्याची कविता अगदी झपाटून जोडली, आणि घोळ तिथंच झाला. तिच्या मार्गदर्शक बाईंनी कपाळाला हात लावला. अगं, यातल्या निम्म्या ओळी तुझ्याच उत्तरांतल्या, आणि हे काही हालांबद्दल दिसत नाही, म्हणाल्या. नर्सचा चेहरा पडला. ही ऐकून तो चिडला, आत्याला दुसरीकडे घेऊन गेला, तर? ते आपल्याला सोसणार नाही, हे तिला तेव्हा लख्ख कळलं.

तरी दुसऱ्या दिवशी तिनं त्याला बाकावर बसवलं आणि वाचलं, एक ओळ त्याची, एक आपली —

आज आत्यानं मला ओळखलं नाही.
इथं दिवसभर तुमचंच नाव घेत होत्या.
काल माझा तोल सुटला, ओरडलो तिच्यावर.
तरी वेणी किती नीट घालून पाठवलीत.
तुम्ही वेळेवर जेवता ना?
हे मला बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.

त्याचे कान लाल झाले.

"ही अभ्यासात घालायला माझा होकार नाही," तो म्हणाला.

तिनं कागद खाली केला. "चुकलंच माझं..."

"तसं नाही हो. माझ्या ओळी घ्या सगळ्या, ओरडल्याचीसुद्धा. इतरांनाही कळू दे, आपण एकटे नाही ते. पण तुमच्या ओळी — त्या मला हव्यात. हल्ली मी वहीत लिहितो ना, ते आत्यासाठी कमी आणि उत्तरासाठी जास्त."

ती कागदाची घडी घालत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्या अशा सुट्या मिळत नाहीत. लिहिणारीसकट घ्याव्या लागतात."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहून म्हणाला, "चालेल."