दोनदा उतरलेली आरोही

सकाळी बंद झालेलं शाळेच्या गाडीचं दार उघडलं ते शाळा सुटायच्या वेळी. एप्रिलचं ऊन, पत्रा हात लावू देत नव्हता. शेवटच्या सीटवर काव्या आडवी पडलेली. पहिलीतली पोर. गळ्यातली पाण्याची बाटली रिकामी.

ड्रायव्हर चनमल्लप्पानं तिला उचललं आणि होटगी रोडवरच्या दवाखान्यापर्यंत तो पळत गेला. उपयोग नव्हता.

संध्याकाळी पोलिसांनी त्यालाच उचललं.

दाक्षायणीची आरोही त्याच गाडीनं जायची, काव्याच्या पुढं एक सीट सोडून. दाक्षायणीनं तिला शाळेत धाडणं बंद केलं. दुपारी पोर झोपली की ही लॅपटॉप सोडून उठायची, तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची आणि पुन्हा कामाला बसायची. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरूनच प्रोग्रॅम लिहायची.

एकदा जेवताना आरोही म्हणाली, "आई, त्या दिवशी मी दोनदा उतरले."

"दोनदा कशी?"

"गाडीतल्या मावशीनं माझं नाव दोनदा घेतलं. मी तर खाली उभी होते. सगळे हसले मला."

दाक्षायणीचा घास हातातच राहिला. चटणीचं बोट न धुताच ती चप्पल शोधायला लागली.

ठाण्यात फौजदार राजेश्वरी मॅडमनी तिचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ड्रायव्हर निष्काळजी. सरळ केस आहे. तुम्ही कशाला उन्हात फिरताय?"

"माझी पोर त्या गाडीत बसते, मॅडम. नाव दोनदा का आलं, ते कळल्याशिवाय मी तिला परत बसवू कशी?"

राजेश्वरीनं पेन खाली ठेवलं. "बोलवते दोन्ही गाड्यांच्या मावशींना."

शाळेच्या गाड्या दोन. गाडी गेटवर लागली की मोबाइलवर सीटच्या क्रमानं एकेक नाव येतं. मावशी नाव पुकारते, पोर उतरलं की बटण दाबते. नावं संपली की स्क्रीन हिरवी होते, म्हणजे गाडी रिकामी. त्या दिवशी स्क्रीन हिरवी झाली होती.

पहिल्या गाडीची मावशी शिवलीला रडून रडून सुजली होती.

"काव्याचं नाव आलं होतं?"

"न्हाय मॅडम. आलं असतं तर म्या मागं जाऊन बगितलं नसतं व्हय?"

"आरोहीचं?"

"दोन डाव आलं. पुन्यांदा दाबलं म्या. त्याच्या म्होरचं एक नाव आलं आन् हिरवं झालं. आदीबी एकदा असंच झालतं. सायबांना सांगितलं हुतं."

"साहेब म्हणजे?"

"महेश्वर सर. गाड्यांचं समदं तेच बगत्यात."

दुसऱ्या गाडीच्या दिपालीची मान वर होईना. काव्याला गैरहजर हिनंच लावलं होतं. म्हणूनच तर वर्गातल्या बाईंनी चौकशी केली नाही.

"तुझ्या गाडीतली नसलेली पोर तू गैरहजर कशी लावलीस?" राजेश्वरीचा आवाज चढला. "शिवलीलाशी तुझं वाकडं आहे म्हणे."

"भांडण हाय, पण त्यासाठी पोराचा जीव घेईन का मी? माझी गाडी नंतर लागली. पयलंच नाव काव्याचं आलं. म्हटलं गाडी बदलली असंल, आज आली नसंल."

एका गाडीत नाव दोनदा. दुसऱ्या गाडीत पहिल्या गाडीतलं नाव. दाक्षायणीच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटल्या.

मग ती कोठडीशी गेली. चनमल्लप्पा भिंतीला टेकून बसला होता.

"पोरं उतरत होती तेव्हा तुम्ही कुठं होता, अण्णा?"

"गेटवर, फोनवर. सायबांचाच फोन हुता. उद्यापासनं नवं पोरगं येनार, पुडच्या खिडकीची सीट त्याला दे म्हनले. सांजच्याला म्हनले, आता येत न्हाय ते."

"आत जाऊन बघितलं नाही?"

"आदी बगत हुतो अक्का. एकेका सीटवर हात ठेवत मागपतुर जायचो. साहेब म्हनले टाइम खातोस, मोबाइल हाय की. मग सोडलं."

शाळेच्या ऑफिसात महेश्वरनं मावशींसकट सगळ्यांना चहा मागवला. इस्त्रीचा शर्ट, चेहरा पुरेसा दुःखी.

"त्या दिवशी यादीत काही बदल केला होता?" राजेश्वरीनं विचारलं.

"मी कॉम्प्युटरला हातच लावला नाही, मॅडम."

दाक्षायणीनं चहाचे ग्लास टेबलावर एका ओळीत मांडले.

"ही दोन्ही गाड्यांची मिळून एकच ओळ. प्रोग्रॅम ओळीचा तुकडा कापून घेत नाही. पहिल्या गाडीला सांगतो, इथपासून इथपर्यंतच्या जागा तुझ्या. दुसरीला त्याच्या पुढच्या. आणि एकेका जागेवर बोट ठेवत चालतो." तिनं बोट एका ग्लासवर नेलं. "ही आरोही. नाव घेतलं, उतरली. आता बोट पुढच्या जागेवर जाणार. तेवढ्यात कुणी तरी सुरुवातीला नवा ग्लास ठेवला."

तिनं ओळीच्या तोंडाशी एक ग्लास घुसवला आणि सगळी ओळ एकेक जागा सरकवली.

"बोट ठरल्याप्रमाणे पुढच्या जागेवर गेलं. पण तिथं आता कोण आहे?"

"आरोहीच," शिवलीला पुटपुटली.

"आणि शेवटची काव्या पहिल्या गाडीच्या हद्दीबाहेर गेली. म्हणून तिचं नाव तुम्हाला आलंच नाही, मावशी. ते दिपालीला पहिलं आलं. दिपालीच्या गाडीतलाही शेवटचा मुलगा असाच सुटला. तो मोठा होता, आपला आपण उतरून वर्गात गेला." तिनं बोट ओळीवरून उचललं. "गाडी लागताच आपल्या तुकड्याची नक्कल काढून ठेवली असती, तर मूळ ओळीत काहीही घुसवलं तरी फरक पडला नसता."

"मग हा प्रोग्रॅमचा दोष झाला की," महेश्वर म्हणाला.

"दोष आहेच. पण पोरं उतरत असताना पहिल्या सीटवर नाव कुणी घातलं? त्याच वेळी ड्रायव्हरला पुढची खिडकी राखून ठेवायला कुणी सांगितलं?"

महेश्वरनं राजेश्वरीकडं बघितलं. तिथं आधार नव्हता.

"त्या मुलाच्या वडिलांशी बोलले मी," राजेश्वरी म्हणाली. "संस्थेच्या सभासदाचा नातू. पुढची सीट दिली, असं तुम्ही सकाळी कळवलंत. संध्याकाळी कळवलंत, राहू द्या. प्रोग्रॅमवाल्या कंपनीलाही विचारलं. मागं नाव दोनदा आलं, तेव्हाच त्यांनी तुम्हाला बजावलं होतं. गाडी रिकामी होईपर्यंत यादीला हात लावू नका."

"घाई होती, मॅडम. एकच तर नाव."

"ते सकाळचं. मुलगी सापडल्यावर ते नाव काढलंत कशाला?"

महेश्वरनं समोरचा ग्लास बाजूला सारला.

"काय झालं हे सोलापुरात एकट्या तुम्हाला कळलं होतं," दाक्षायणी म्हणाली. "आणि तुम्ही अण्णांना नेताना बघत उभे राहिलात."

राजेश्वरीनं त्याच्याकडून कॉम्प्युटरचा पासवर्ड घेतला आणि त्याला जीपकडं नेलं.

चनमल्लप्पाला सोडलं तेव्हा दाक्षायणी ठाण्याच्या आवारातच उभी होती. त्याची गाडीही तिथंच, लिंबाखाली लावलेली.

"मी सुटलो व्हय, अक्का?"

"सुटलात."

तो घराकडं वळला नाही. गाडीत चढला. एकेका सीटवर हात ठेवत मागं गेला. शेवटच्या सीटपाशी त्याचा हात वरच राहिला. बराच वेळ. खाली टेकवेना.

शेवटी दाक्षायणी चढली आणि तिनं त्या सीटवर आपला हात ठेवला. रेक्झिन अजून गरम होतं.