आतून आलेला होकार

सन २०२१. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. शाहीन वादळ मस्कतपासून अडीच तासांवरच्या सहम गावावरून जाऊन आठवडा उलटला होता. उन्हाळा सरला नव्हता आणि थंडीचा पत्ता नव्हता.

रामकृष्ण वायरिंगचं काम करायचा. मस्कतमधल्या वादी अदाईच्या खोलीवरून पहाटेच निघून तो सहमला हसनच्या घरी आला होता. साठी ओलांडलेला माणूस. वादळ झाल्यापासून रोज भिजलेल्या घरांच्या वायरी तपासत होता. कंबर धरली होती, डोळे चुरचुरत होते. बाकीची कामं अर्बाबाची, म्हणजे मालकाची. हे काम तो सुट्टी टाकून करत होता, कारण हसनचं त्याच्यावर ऋण होतं.

रामकृष्णाचा बाप धाकू मिस्त्री वादी अदाईच्या त्याच खोलीत झोपेत गेला, त्याला वीसेक वर्षं झाली. तेव्हा रामकृष्णाचा पासपोर्ट अडकून पडला होता. हसन मूळचा श्रीवर्धनचा, सहमला किराणा दुकान चालवणारा. तो शवपेटीबरोबर विमानात बसला, गुहागरजवळच्या वाडीपर्यंत गेला आणि चिता विझेपर्यंत उभा राहिला. असलं ऋण कशाने फेडायचं, हे रामकृष्णाला आजवर कळलं नव्हतं.

धाकूही वायरिंगचंच काम करायचा. बोलायचा फार कमी. पोराच्या पाठीवरून हात फिरवलेला कुणी पाहिला नाही. शिकवलं ते करून दाखवलं. काम संपलं की पक्कड पुसून ठेवायची. दुसऱ्याने बंद केलेलं बटण स्वतः पुन्हा बघायचं. आणि मेन चालू करण्याआधी आरोळी द्यायची, "सोडतोय!" घर रिकामं असलं तरी द्यायची. आतून 'सोड' असं उत्तर आलं तरी सोडायचं नाही. आतल्या माणसाने बाहेर यावं, समोर उभं राहावं आणि मग बोलावं. आतून आलेला होकार धरायचा नाही. का, ते बापाने सांगितलं नाही. रामकृष्णाने विचारलं नाही.

संध्याकाळ झाली तेव्हा काम उरकलं होतं. घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ होती. वाडीतली लिंबाची झाडं आडवी झाली होती. चिखल, डिझेल आणि कुठेतरी मेलेल्या बकरीचा वास. लांब कुणाच्या तरी आवारात पाणी उपसायचा पंप घरघरत होता. मेनची पेटी फाटकाजवळच्या भिंतीत होती. रामकृष्ण तिच्यापुढे उभा राहिला. मागे हसन, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत हसनची बायको अमीरुन्निसा.

"हिबा कुठाय?" रामकृष्णाने विचारलं. हिबा हसनची सून, मस्कतला वाढलेली. साफसफाईला आली होती.

"शेजारी गेलीय, पाणी आणायला. आत कुणी नाही. यल्ला, चला, सोडा," हसन म्हणाला.

"रामभाऊ, एकदा पंख्याखाली बसू द्या हो," अमीरुन्निसा म्हणाली. "डासांनी माझं रक्त संपवलं. आता यांचं पितील तर तेही कडू."

"बसवतो, भाभी." रामकृष्णाने मेनच्या दांडीवर हात ठेवला आणि घराकडे तोंड करून आरोळी दिली, "सोडतोय!"

हसन हसला. "बाप तसा पोरगा. धाकूचाचांनी तर कबरस्तानात दिवा लावायचा असता तरी आधी विचारलं असतं."

तेवढ्यात आतून आवाज आला.

"सोड."

हसनचं हसू तसंच राहिलं. आवाज जाडसर, तंबाखूने खरवडलेला. तो ओळखायला अवघड नव्हता.

"रामभाऊ..." हसन कुजबुजला. "हा तर... धाकूचाचांचा..."

"गप."

पंप थांबला होता. कधी थांबला ते कळलं नाही. आतून पुन्हा आलं, अगदी हळू, "दमलास रे बाळा... सोड आता."

उभ्या आयुष्यात हे वाक्य ऐकायला मिळेल असं रामकृष्णाला वाटलं नव्हतं. दमला तर तो होताच, त्या आठवड्याचा नव्हे, सगळ्या वर्षांचा. दांडीवरची बोटं आपोआप आवळली. नुसती वर ढकलायची. मग घर उजळेल, पंखे फिरतील, आणि आतून बाप...

"बाहेर या," तो म्हणाला. आवाज फाटला. "समोर येऊन सांगा."

अमीरुन्निसा तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटत होती.

"पाय दुखतात... तूच सोड... बापाचं ऐकायचं नाही का?"

रामकृष्णाने दांडीवरचा हात काढला. बापाने त्याला बाळा कधी म्हटलं नव्हतं, आणि ऐक असंही कधी सांगावं लागलं नव्हतं. त्याने पेटीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि बॅटरी घेऊन आत शिरला. हसनचे पाय जागचे हलले नाहीत.

आत भिजलेल्या गाद्यांचा वास कोंडला होता. बैठक रिकामी. झोपायची खोली रिकामी. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. बॅटरीचा झोत आत पडला आणि तो जागीच थांबला.

हिबा अनवाणी, घोटाभर पाण्यात उभी होती. भिंतीतला विजेचा बोर्ड तिने उघडला होता आणि ओल्या फडक्याने आतला गाळ पुसत होती. त्याने सकाळी तपासून घट्ट बसवलेल्या वायरी उघड्या होऊन बाहेर लोंबत होत्या. तिची बोटं त्यांच्यातच होती.

"झालंच अंकल," ती म्हणाली. "हा एकच राहिला."

"तू... आत कधी आलीस?"

"मागच्या डोअरने, मघाशीच. तुम्ही ओरडलात ना, सोडतोय? मी लगेच म्हटलं, थांबा थांबा, मी आत आहे. खूप जोरात म्हटलं."

"आम्हाला ऐकू आलं नाही."

हिबाने वळून पाहिलं. हातातलं फडकं खाली आलं. "असं काय करता, अंकल? तुम्ही आन्सर दिलात ना. म्हणालात, थांबलोय पोरी. सावकाश पूस. पाण्यातच उभी राहा, पाय काढू नकोस..."

"मी?"

"तुमचाच व्हॉइस होता. इथूनच... त्या दारामागून."

रामकृष्णाने बॅटरी दाराकडे वळवली. दार भिंतीला चिकटलेलं होतं. त्यामागे माणूस उभा राहील एवढी जागा नव्हती.

त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला मागच्या दाराने बाहेर नेलं.

त्या घरात त्या दिवशी वीज सोडली नाही. हसनने बाहेरूनच दोन्ही दारांना कड्या घातल्या. चौघं रामकृष्णाच्या पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून मस्कतच्या अल मवालेहला निघाले, हसनच्या मुलाच्या फ्लॅटवर. हिबा सासूच्या खांद्यावर डोकं टेकून होती. तिचे पाय अजून ओले होते. सहम मागे पडलं, दिवे असलेली गावं लागली.

हसन समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "रामभाऊ, चाचांना मी गावी पोचवलं होतं. ते फिटलं."

"बरं," रामकृष्ण म्हणाला.