झाकून ठेवलेले हिरे

त्या दुपारी आम्ही फक्त एक दागिना आणायला निघालो होतो. माझी मुलगी हाडेविख गाडी चालवत होती आणि मी शेजारी पाय आखडून बसलो होतो. अँटवर्प मागे पडलं, आणि नोव्हेंबरचं धुकं इतकं दाटलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत. हे सांगतो आहे खरं, पण माझ्यावर सगळाच भरवसा ठेवू नका. आयुष्यभर मी कला अकादमीत दागिन्यांचा इतिहास शिकवला. पाहिलेलं कोणतं आणि वाचलेलं कोणतं, हे आता मला नीट वेगळं करता येत नाही.

हाडेविख जुन्या धर्तीचे दागिने घडवते. त्यासाठी तिला गुलाब-पैलूचे हिरे हवे असतात. तळ सपाट आणि वर कळी उमलावी तसे त्रिकोणी पैलू. ते आजच्या हिऱ्यांसारखे डोळ्यांत घुसत नाहीत, मंद उजेडात आतून तेवतात. असे हिरे घासणारा म्हातारा गोमार आपल्या आईच्या गळ्यातलं हृदयाच्या आकाराचं हिरेजडित पदक तिला द्यायचं कबूल करून आदल्याच दिवशी वारला होता. फोन त्याच्या बहिणीचा, मेलानीबाईंचा आला होता. "भाचे यायच्या आत घेऊन जा. त्यानं शब्द दिलाय."

त्याच्या घरी पोचलो, तर गोमारला पुढच्या खोलीतच ठेवलं होतं, डोक्यावर कामाची टोपी तशीच. रिवाजाप्रमाणे आरशावर चादर टाकलेली. त्याच्या उशाशी कपाटावर काळ्या फडक्यात ते हृदय होतं.

"इथून बाहेर न्या, मग उघडा," मेलानीबाई हळूच म्हणाल्या. "हिरे घासणाऱ्यांच्या घरात आरशाबरोबर हेही झाकतात."

"का पण?" हाडेविखनं विचारलं.

"मेलेल्याला ज्याचं तोंड दिसतं, त्याच्या मागे तो लागतो. आरशात तू एकदा दिसशील, पोरी. ह्यात किती वेळा दिसशील, मोज." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कॉफी टाकते. साखर किती, मास्तर?"

"डॉक्टरांनी बंद केलीय."

"गोमारचीही बंद केली होती. बघा, कसा ठणठणीत पडलाय."

त्या आत गेल्या. हाडेविख कपाटाकडे सरकली.

"राहू दे गं," मी म्हणालो.

"पपा, तुम्हीच ना ह्याला खुळचटपणा म्हणत जाड पुस्तक लिहिलंत? मला फक्त कोंदणात हिऱ्यांमागे लावलेली चांदीची पन्नी पाहायचीय. ओल लागून काळी पडली असेल तर सगळा उजेडच गेला."

तिनं फडकं बाजूला केलं.

छताला एक पांढरा विजेचा दिवा होता, बस्स. मेणबत्ती कुठेच नव्हती. तरी प्रत्येक हिऱ्यात एक पिवळी ज्योत हलत होती.

"किती जिवंत आहेत..." ती खाली वाकली.

मग कडेचा एक हिरा विझला. त्याच्या शेजारचा विझला. संध्याकाळी एखाद्या घराच्या खिडक्या कोणी आतून एकेक करून लावून घ्याव्यात, तसा अंधार कडेकडून मधे सरकत होता. खोलीत नुकत्याच विझवलेल्या वातीचा वास आला. मधला मोठा हिरा तेवढा उरला. त्यात ज्योत होती आणि ज्योतीपुढे काहीतरी बारीक, काळं, उभं... हाडेविखची पापणी लवत नव्हती. मी फडकं ओढून त्यावर टाकलं. माझा हात गोमारच्या खांद्याला लागला. तो गार होता, आणि मला वाटलं, किंचित वळलेला. वाटलंच असेल.

मेलानीबाई ट्रे घेऊन आल्या. त्यांनी कपाटाकडे पाहिलंच नाही, थेट हाडेविखच्या तोंडाकडे पाहिलं.

"उघडलंस?"

"जरासं."

त्यांनी कप भरले. हृदय आम्ही तिथेच ठेवलं. दारात त्यांनी पोरीचा गाल कुरवाळला, आजारी माणसाचा कुरवाळावा तसा.

नाताळच्या सुमाराला हाडेविख चहाचे कप धडकवून पाडू लागली. समोरचं तिला स्वच्छ दिसायचं, पण कडेचं गेलं होतं. "चौकट लहान होत चाललीय, पपा," ती म्हणायची. भिंगाखाली काम करणाऱ्या मुलीचे डोळे गेले तर उरतं काय? मी तिला शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होते, गप्पिष्ट होते. त्यांनी पडदे ओढले, दिवे घालवले आणि आपल्या बारीक यंत्रातून तिच्या डोळ्यात पाहू लागले. मी दाराजवळच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

"पडदा उत्तम आहे," ते पुटपुटले. "नसही चांगली. काही दोष तर..." ते थांबले. मान मागे वळवून त्यांनी अंधाऱ्या भिंतीकडे पाहिलं. पुन्हा यंत्राला डोळा लावला. आणि अंधारात, जरा वैतागून, मला म्हणाले,

"आजोबा, तुमच्याबरोबरच्या त्या टोपीवाल्या गृहस्थांना बसायला सांगा ना. माझ्या पाठीमागे उभे राहू नका म्हणावं."

मी वळून पाहिलं. खोलीत आम्ही तिघंच होतो.

हाडेविख पापणी न हलवता तशीच बसून होती. तिचा आवाज अगदी शांत होता.

"ते बसत नाहीत, डॉक्टर," ती म्हणाली. "काल तर अजून दारातच होते."