काळ्या मखमलीऐवजी पांढरं दुपटं

"वहिनी, एवढ्या गडद लाकडामागे काळी मखमल नको गं. बाबांचा चेहरा बुडून जाईल," नणंदेनं बजावलं होतं.

"भिंतीला हेच शोभतं," म्हणून सुनेनं विषय झटकून टाकला होता.

नणंद घरीच बारीक पात्याच्या यंत्रकरवतीवर लाकडात चेहरे कोरायची. केस, भुवया, सावल्या कापून काढायच्या आणि त्या फटींतून दिसेल असं अस्तर मागे लावायचं. गेल्या वर्षी वारलेल्या सासऱ्यांचा चेहरा तिनं वहिनीच्या हट्टानुसार करून दिला.

आणि एका सकाळी मखमल गायब! तिच्या जागी बाळाचं पांढरं दुपटं. भुवया पांढऱ्या, बाहुल्या पांढऱ्या. सासरे भुतासारखे बघत होते.

ज्या हातांनी हे केलं, ते हात बाळाला लागू द्यायचे? सुनेनं बाळ कडेवर घेतलं आणि थेट खासगी तपासनीस बाईंचं दार गाठलं.

बाई आल्या त्या नवऱ्याला घेऊन. त्यांची पिशवी तोच उचलायचा आणि अंदाजही तोच आधी बांधायचा.

बाळाला सांभाळणारी मावशी खिडकीशी झबल्याचं बटण लावत होती. एका झटक्यात सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "माझी पिशवी तर ह्या ताईंनी उलटीपालटी करून बघितली. सापडलं का काही? चेहरा बघून पहिली किंचाळले ती मीच!"

सून बाळाचं टोपडं नीट करत राहिली. ते नीटच होतं.

नणंद फणकारली. "मी केलं असतं तर गोंदानं चिकटवलं असतं, एक सुरकुती दिसली नसती. आणि अस्तर लाकडाहून फिकं झालं की चेहरा फोटोच्या निगेटिव्हसारखा उलटा पडतो, हे मला ठाऊक नाही होय?"

सासूबाई आतून कपबशा घेऊन आल्या. दारात थबकल्या. "कोण कोण आहे गं?" सगळे बोलल्यावर पुढं झाल्या. कपाच्या काठात बोट धरून त्यांनी चहा ओतला.

"बोट बुडवलेला चहा!" बाईंचा नवरा कुजबुजला.

"प्या मुकाट्यानं," बाई म्हणाल्या आणि चौकट उलटी केली. दुपटं टाचण्यांनी घट्ट ताणून बसवलं होतं. प्रत्येक टाचणीशेजारी दोन-तीन रिकामी भोकं. समोरून, नाकाच्या आणि चष्म्याच्या कडांवरचं पॉलिश पार उडालेलं.

"मावशीच! सरळ आहे," नवरा म्हणाला.

"तुमचं सरळ नेहमी भलत्याच गल्लीत शिरतं."

बाईंनी सगळ्यांना बसवलं.

"राग काढणारा माणूस कापड इतकं निगुतीनं ताणत नाही. हे प्रेमानं केलंय. तुमच्या वन्सं कारागीर, त्या फिकं अस्तर लावणार नाहीत. मावशींची नजर सुईसारखी. त्यांची एकही टाचणी चुकली नसती. ही भोकं चाचपडणाऱ्या हाताची आहेत. ते पॉलिश रोज फिरणाऱ्या बोटांनी उडालंय. आणि कप भरला की नाही, हे ज्याला दिसत नाही, तोच बोटानं बघतो."

सासूबाईंनी पदर सावरला.

"काळ्यात काळं," त्या म्हणाल्या. "मला ह्यांचा चेहराच सापडेना. बोटांनी शोधायची. पांढरं लावलं तेव्हा कडा तरी दिसल्या."

"आई, डोळ्यांचं मला का नाही सांगितलंत?" सून म्हणाली.

"सांगितलं असतं, तर बाळ दिलं असतंस माझ्या मांडीवर?"

सुनेला उत्तर माहीत होतं. खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं. घरातल्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवणारी ती. सासूचं चाचपडणं मात्र तिला वेंधळेपणा वाटलं होतं, आणि तसं ती बोलूनही दाखवायची.

आधी ती मावशीपाशी गेली. "चुकले मी."

"चुकलातच," मावशी म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

मग तिनं बाळाला आजीच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी, अगदी खेटून बसली. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. तिघं."

वाचकहो, तुमच्या घरातही कुणी हल्ली भिंतीला हात लावत चालत असेल, वर्तमानपत्र उघडून नुसतंच बसत असेल, तर आजच त्यांच्यापाशी जा. जवळ बसा, विचारा. फक्त ते विचारणं उलटतपासणीसारखं होऊ देऊ नका.