चाराचे चाळीस

ऑकलंडमधल्या पेनरोजच्या कारखान्यात सोमवारी सकाळचा चहा झाला आणि अनिरुद्धने स्टोअरमधून सही करून एक पंप घेतला. सलाइनच्या नळीतून औषध मोजून सोडणारा, जेवणाच्या डब्याएवढा. असे पंप रोज यायचे जायचे. हा मात्र इस्पितळातून सीलबंद पिशवीत आला होता. तासाला चार मिली जायचं वेदनाशामक त्यातून चाळीसने गेलं, आणि मोहन नावाचे एक म्हातारे गृहस्थ दगावले.

इस्पितळ म्हणत होतं, नर्सने एक शून्य जास्त दाबलं. नर्स म्हणजे श्यामलाताई, मूळच्या मिरजेच्या. १९९४ साली अनिरुद्ध ऑकलंडला उतरला तेव्हा तीन महिने त्यांच्याच घरी जेवला होता. आता पंपात दोष सापडला तर त्या सुटणार, नाहीतर त्यांचा परवाना जाणार. आणि पंपाचा प्रोग्रॅम लिहिलेला अनिरुद्धनेच. चोरालाच चोर शोधायला बसवला होता म्हणा ना!

त्याने नळीचं टोक काचेच्या मापात सोडलं आणि पंप चारावर लावला. खोलीला खिडकी नव्हती. हीटरच्या तापलेल्या धुळीचा वास, मोटरची टिकटिक, बाकी काही नाही. अकराला प्रोग्रॅम कोसळला. पंप आपोआप पुन्हा सुरू झाला आणि आकडा आला चाळीस.

नेमकं कुठे कोसळतं ते कळावं म्हणून अनिरुद्ध प्रोग्रॅममध्ये जागोजागी खुणेच्या ओळी पेरायचा. तिथवर काम पोचलं की ओळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटायची. गोऱ्यांना कळू नये म्हणून त्या मराठीत असायच्या. ‘इथपर्यंत आलो.’ ‘अजून जिवंत.’ जेवायच्या सुट्टीपर्यंत सापडलं. कोसळल्यावर जुने आकडे पुसणारी ओळ वर्षापूर्वी त्यानेच काढून टाकली होती, का तर पंप चार सेकंद लवकर सुरू व्हावा. पुन्हा सुरू होताना पंपाने आदल्या पेशंटचा चाळीस उचलला होता.

 मग ती ओळ त्याने गुपचूप परत घातली, खुणेच्या झाडून सगळ्या ओळी काढल्या आणि नवा प्रोग्रॅम पंपात भरला. सुंठीवाचून खोकला गेला.

तरी पडद्यावर उमटलं, ‘अजून जिवंत.’

जरा वेळाने, ‘दुखायचं थांबलं.’

ही ओळ त्याने कधीच लिहिली नव्हती.  त्याने वायर उपटली, बॅटरी काढली, आणि रिपोर्ट लिहिला: दोष आढळला नाही. साहेब ग्रॅहम म्हणाला, “स्वीट अ‍ॅज!” म्हणजे झकास, आणि इस्पितळाला फॅक्स गेला.

चारला फोन वाजला.

“अनिरुद्ध… रिपोर्ट वाचून दाखवला रे मला.”

“हो, ताई.”

“काहीच नाही सापडलं?”

“नाही.”

“तू बघितलंस म्हणजे नीटच बघितलं असशील… मग शून्य मीच दाबलं असेल. मीच मारलं रे त्यांना…”

त्या रडत होत्या. एक वाक्य बोलला असता तर बाई वाचली असती. “काळजी घ्या, ताई,” म्हणून त्याने फोन ठेवला. खाल्ल्या अन्नाला जागणारे वेगळे असतात.

डावा हात मघापासून गार पडत चालला होता. टेबलावर बॅटरी काढलेला पंप टिकटिकत होता. आकडा चाळीस. काचेचं माप कोरडं ठाक. नळीचं टोक मापात नव्हतं. ते त्याच्या बाहीत शिरलं होतं.

त्याने बाही वर सारली. कोपराच्या खळगीत सुई, वर चिकटपट्टी. पट्टीवर पेनाने लिहिलेलं: सुरू ३:५०, संपलं ४:२५. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून चौदा मिनिटं झाली होती.

पट्टी निघेना. बटण दबेना. “ग्रॅहम…” तो ओरडला, पण आवाज पुटपुटण्याएवढाच निघाला.

ग्रॅहमने दारातून डोकं घातलं. त्याने पंपाकडे पाहिलं, अनिरुद्धच्या उघड्या हाताकडे पाहिलं आणि हसला.

“गो होम, मेट. नथिंग राँग विथ इट. यू सेड सो.”

त्याने दिवा मालवला आणि जाताना दार लावून घेतलं.